पिरॅमिडच्या सावलीतल्या कबरी

१९९० साली इजिप्तमधल्या गीझाच्या पठाराजवळ एका घोड्याचा पाय वाळूत दबलेल्या मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला. तिथे खोदल्यावर पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकाला सापडलं ते पिरॅमिड बांधणाऱ्यांचं कबरस्तान. मजूर, कारागीर, मुकादम, सगळे राजाच्या पिरॅमिडपासून हाकेच्या अंतरावर पुरलेले. मरणोत्तर प्रवासासाठी सोबत भाकरीची आणि बिअरची भांडी. ओझी वाहून झिजलेले मणके होते, पण मोडून नीट जुळून आलेली हाडंही होती. हात-पाय कापावा लागल्यावर पुढे बरीच वर्षं जगलेली माणसंही होती. म्हणजे त्यांच्यावर कुणीतरी उपचार केले होते.

चाबकाखाली पिरॅमिड बांधणारे गुलाम हे चित्र आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की हे पचायला वेळ लागतो. त्याची एक मुळी हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारापर्यंत जाते. गीझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधवून घेणाऱ्या खुफू राजाने सगळ्या प्रजेला कामाला जुंपलं, एका वेळी एक लाख माणसं तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबत, असं त्याने लिहून ठेवलं. पण तो इजिप्तला गेला तो खुफूनंतर दोन हजार वर्षांनी. आजचे अभ्यासक मजुरांचा आकडा दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान धरतात. पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी उकरलेल्या त्यांच्या वसाहतीत भट्ट्या, कोठारं आणि गुरं-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग मिळाले. तरी हे काम खुशीचं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचा ‘वेठ’ हा शब्द त्याला जवळचा: राजाला श्रम देणं बंधनकारक, त्या बदल्यात शिधा.

२०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांना जे पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख) मिळाले, त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसं. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे, नाईलवरून गीझाला पोचवायचे, पुन्हा माघारी. कामाची देखरेख खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याच्याकडे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका कष्टकऱ्याचे दिवस असे ओळीने वाचायला मिळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राजाशेजारी पुरलं जाण्याचा अर्थ मात्र आधी फार भयंकर होता. अबायडोसला पहिल्या राजवंशातल्या जेर राजाच्या कबरीभोवती तीनशेहून अधिक दुय्यम कबरी आहेत. राजाला परलोकात चाकर लागतील म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याच्यासोबतच मारलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या राजवंशाबरोबर ही प्रथा संपली. पुढे जोसेर राजासाठी सक्काराला पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला, स्नेफरू राजाने मैदूम आणि दहशूरला प्रयोग केले आणि त्याचा मुलगा खुफू याने १४६ मीटर उंची गाठली. आता पिरॅमिडभोवती नातेवाईक आणि अधिकारी आपापल्या वेळेला मरून, आपापल्या कबरीत विसावू लागले. मजूरही. राजा मेल्यावर देव होतो, त्याच्या पुण्याईचा वाटा शेजाऱ्यालाही मिळतो, ही त्यामागची श्रद्धा.

पुढे हजारेक वर्षांनी, ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळात, राजांनी पिरॅमिड सोडले आणि थीब्जच्या डोंगरात, आज ‘राजांची दरी’ म्हणतात तिथे, लपवून कबरी खोदायला सुरुवात केली. त्या खोदणारे आणि रंगवणारे कारागीर देर अल-मदिना या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहत. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्याचा शिधा थकला, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरामागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हाला इथवर आणलंय; कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं लेखनिकाने टिपून ठेवलं. माहीत असलेला हा जगातला सर्वांत जुना संप.

याच कारागिरांनी गावाशेजारच्या उतारावर स्वतःसाठीही कबरी खोदल्या. आतल्या भिंतींवर शेत नांगरणारे नवरा-बायको रंगवले, आणि वर, राजांनी केव्हाच सोडून दिलेला, मातीच्या विटांचा एक लहानसा पिरॅमिड उभारला.