दुर्बिणीच्या आरशाला 'टेम्पर्ड' काच का चालत नाही

बेळगावच्या खडेबाजारात मोबाईलवर टेम्पर्ड ग्लास बसवताना तिची महती हल्ली अशी सांगितली जाते : 'नऊ एच' कठीणपणा, विमानाला असते तीच काच, आणि अवकाशातल्या दुर्बिणींचे आरसेसुद्धा हिचेच. यांपैकी विमानाचे विधान अगदीच निराधार नाही, कारण वैमानिकांसमोरच्या काही काचा खरोखरच रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेल्या असतात. 'नऊ एच' हा मात्र रंगाच्या थरावर पेन्सिलीने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीतला आकडा आहे. खनिजांच्या मोह्स मापश्रेणीत 9 म्हणजे कुरुंद. त्याच्याशी या आकड्याचा संबंध नाही, आणि त्याच श्रेणीत 7 वर असलेली साधी गारगोटी या काचेवर ओरखडा उमटवते. दुर्बिणीचा दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे, आणि तो उलट का, हे समजण्यासाठी काच मजबूत कशी होते ते आधी पाहावे लागेल.

काच मुळात दुबळी नसते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात, ओढ बसली की सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे धावते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1920 मध्ये मांडले. दाबाखाली मात्र चीर उघडूच शकत नाही. म्हणून पृष्ठभाग कायमचा दाबाखाली ठेवणे, हाच काच मजबूत करण्याचा राजमार्ग ठरतो.

त्यासाठी सोडियमयुक्त काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या सोऱ्यात, सुमारे 400 अंश सेल्सिअसला काही तास बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बाहेर पडतात आणि सोऱ्यातले पोटॅशियमचे आयन त्यांच्या जागी शिरतात. सोडियम आयनाची त्रिज्या 0.102 नॅनोमीटर, तर पोटॅशियमची 0.138, म्हणजे जागा तीच आणि येणारा आयन तिच्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश मोठा. सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी या तापमानाला इतकी ताठ असते की तिला पसरून जागा करून देता येत नाही, त्यामुळे पृष्ठभागाचा थर दाटून राहतो. हा थर केवळ काही दशक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जाडीचा असला तरी त्यातला दाब दर चौरस सेंटीमीटरला पाच-सात टनांपर्यंत जातो. सोऱ्याचे कुंड अधिक तापवले तर आयन लवकर शिरतात, परंतु जाळी सैल पडून दाबच नाहीसा होतो. काचेत ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, मिसळतात ते याच कारणाने : ॲल्युमिनियमभोवतीच्या ऑक्सिजन-चौकटीचा ऋण भार सांभाळणारा सोडियम आयन तुलनेने सैल बांधलेला असतो, त्यामुळे कमी तापमानातही तो हलू शकतो.

खानापूरच्या मातीकामाशी परिचय असलेल्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. भाजलेल्या भांड्यावरची झिलई थंड होताना मातीपेक्षा किंचित कमी आकसली, तर ती दाबाखाली राहते आणि भांडे बळकट होते. जास्त आकसली, तर तिच्यावर तड्यांचे जाळे पडते.

पृष्ठभागावरच्या दाबाची भरपाई काचेच्या आतल्या भागाला ताण सोसून करावी लागते. अणकुचीदार खडीवर पडलेल्या मोबाईलची चीर दाबाचा थर ओलांडून आत पोहोचली, की काच फुटते. दुकानांच्या दारांना वापरतात ती टफन्ड काच रसायनाने नव्हे, तर तापवून वेगाने थंड करून मजबूत केलेली असते, आणि तिच्याही पोटात असाच ताण असतो. ती कधी कधी कोणी हात न लावता फुटते, तेव्हा दृष्ट लागली म्हणून नव्या दाराला लिंबू-मिरची बांधली जाते. त्यामागे बहुधा निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण असतो; काच थंड झाल्यावरही त्याची स्फटिकरचना सावकाश बदलते, तो फुगतो आणि ताणलेल्या भागात चीर पाडतो. लिंबू-मिरचीने निकेल सल्फाइड आटोक्यात येत नाही.

दुर्बिणीच्या आरशाला हा कोंडलेला ताणच नको असतो. त्याच्याकडून बळापेक्षा आकाराच्या स्थैर्याची अपेक्षा असते. 1990 मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा 2.4 मीटर व्यासाचा आरसा कडेला केवळ 2.2 मायक्रोमीटरने जास्त सपाट घासला गेला, आणि तेवढ्यानेही प्रतिमा धूसर झाल्या. त्या सुधारण्यासाठी 1993 मध्ये अंतराळवीरांना जावे लागले. साध्या काचेचा एवढाच आरसा एका अंशाने तापला तर त्याचा व्यास सुमारे 20 मायक्रोमीटरने वाढेल, आणि तो सगळीकडे सारखा तापणार नसल्याने त्याचा आकारही बिघडेल. म्हणून हबलसाठी सिलिकामध्ये सुमारे 7 टक्के टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेली, नेहमीच्या तापमानात जवळजवळ न प्रसरणारी काच वापरली गेली. चंद्रशेखरांच्या नावाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे झेरोडुर या काच-सिरॅमिकचे आहेत, तर जेम्स वेबचे आरसे काचेचे नसून बेरिलियमचे आहेत आणि त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा आहे.

ताणाचा उपयोग आरशाला होतच नाही, असेही नाही. क्ष-किरणांसाठी फार पातळ आरसे एकात एक बसवावे लागतात. 2012 मध्ये सोडलेल्या न्यूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीत ते जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीच्या काचेचे आहेत. इतका पातळ आरसा पृष्ठभागावरच्या थोड्याशा ताणानेही वाकतो. म्हणून वेगवान आयनांचा मारा करून, कोणत्या जागी किती ताण द्यायचा हे आधी मोजून, आरशाच्या आकारातली चूक वाकवूनच दुरुस्त करण्याचे प्रयोग आता प्रयोगशाळांमध्ये चालू आहेत.