ख्रिस्ती विवेक

ख्रिस्ती विवेक : व्रतस्थ व्हावे की गृहस्थाश्रमात राहावे, कोणता व्यवसाय पत्करावा, हाती असलेल्या धनाचा विनियोग कसा करावा, यांसारखे निर्णय ईश्वरी इच्छेशी सुसंगत व्हावेत म्हणून मनात उठणाऱ्या प्रेरणांची पारख करण्याची ख्रिस्ती परंपरेतील पद्धती. ग्रीक ‘दियाक्रिसिस’ व लॅटिन ‘दिस्क्रेतिओ’ या संज्ञांसाठी मराठीत ‘विवेक’ हा शब्द वापरता येतो. मात्र वेदान्तातील नित्यानित्यविवेकाशी त्याची गल्लत होऊ नये. तेथे शाश्वत आणि अशाश्वत यांतील भेद अभिप्रेत असतो, येथे प्रेरणेचा उगम आणि तिचा रोख पाहायचा असतो. या दृष्टीने ‘आत्म्यांची पारख’ हा शब्दप्रयोग अधिक नेमका ठरतो.

या कल्पनेची मुळे बायबलमध्ये आहेत. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात (३०:१९) जीवन आणि मरण पुढे ठेवून जीवन निवडण्याचा आदेश आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:१०) आत्मे ओळखण्याची शक्ती हे पवित्र आत्म्याचे एक दान म्हणून येते, तर योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) प्रत्येक आत्म्याची परीक्षा करण्यास सांगितले आहे. ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी या सूत्रांना अनुभवाची जोड दिली. एव्हॅग्रियस (मृत्यू ३९९) याने साधकाला ग्रासणाऱ्या आठ प्रकारच्या विचारांचे वर्गीकरण केले आणि पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कासियनने विवेकाला सर्व सद्‌गुणांची जननी मानले.

या पद्धतीला आज प्रचलित असलेले रूप मुख्यत्वे येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचा स्पॅनिश संस्थापक इग्नेशियस लोयोला (मृत्यू १५५६) याने दिले. त्याचे जन्मवर्ष वादग्रस्त आहे. आत्मकथनाच्या आरंभी सव्विसाव्या वर्षापर्यंत आपण ऐहिक मानसन्मानात रमलो होतो असे तो सांगतो. हे वाक्य १५२१ मधील स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या वेढ्याशी जोडल्यास जन्म १४९५ च्या सुमारास पडतो. मृत्यूसमयी त्याचे वय पासष्ट होते असे धरल्यास मात्र १४९१ हे वर्ष येते आणि आज बहुतेक अभ्यासक तेच ग्राह्य धरतात. या वेढ्यात २० मे १५२१ रोजी तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या गढीत अंथरुणाला खिळून असताना दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवल्यावर मन सुखावते, पण नंतर कोरडे पडते. संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने मात्र आलेली प्रसन्नता मागे टिकून राहते, हा फरक त्याच्या ध्यानात आला. पुढे आपल्या साधनाग्रंथातील निवडीसंबंधीचा, म्हणजे जीवनमार्गाचा निर्णय कसा घ्यावा हे सांगणारा, भाग विशेषतः याच अनुभवातून निघाल्याचे त्याने स्वतः सांगितले.

१५२२-२३ मध्ये मानरेसा येथील वास्तव्यात त्याच्या आध्यात्मिक साधनांच्या ग्रंथाचा गाभा तयार झाला; त्यावरील संस्करण पॅरिस व रोम येथे चालू राहिले आणि ३१ जुलै १५४८ रोजी पोप तिसरा पॉल याने त्याला मान्यता दिली. मोंसेरातच्या बेनेडिक्टपंथीय मठाचा अधिपती गार्सिआ सिस्नेरोस याचे १५०० मध्ये छापलेले साधनापुस्तक हे या ग्रंथाचे मूळ असल्याचा दावा सतराव्या शतकात बेनेडिक्टपंथीयांकडून झाला व येशूसंघीयांनी तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. मानरेसाला जाण्यापूर्वी इग्नेशियस त्या मठात थांबला होता, त्यामुळे तो ग्रंथ त्याच्या पाहण्यात आला असणे संभवते आणि साधनेची आठवड्यांत केलेली मांडणी दोन्हींत आढळते. तथापि ‘निवड’ हे सिस्नेरोसच्या पुस्तकाचे केंद्र नाही. तेव्हा ऋण मान्य करूनही या भागापुरते इग्नेशियसचे स्वतंत्र कर्तृत्व मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पाप आणि पुण्य यांतील निवड इग्नेशियसच्या या पद्धतीत विचारात घेतलेलीच नाही, कारण आज्ञांनी ती आधीच ठरवून दिलेली आहे. निवडीचे सर्व पर्याय चांगले किंवा निदान निर्दोष असले पाहिजेत. त्याआधी धन की दारिद्र्य, दीर्घायुष्य की अल्पायुष्य यांविषयी मन तटस्थ करावे लागते. ही तटस्थता म्हणजे बेफिकिरी नव्हे, तर आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराला देवाची संमती मागण्याच्या मोहापासूनची मुक्ती होय.

निवडीचे तीन ‘काळ’ सांगितले आहेत : पौल किंवा मत्तय यांच्याप्रमाणे शंकेला जागाच नसलेली हाक, समाधान व उदासी यांच्या वारंवार आलेल्या अनुभवातून उमगणारी दिशा, आणि मन शांत असताना लाभहानी तोलून बुद्धीने केलेला निर्णय. तिसऱ्या काळात साधकाने एखाद्या अपरिचित माणसाला आपण काय सल्ला दिला असता, तसेच मृत्युशय्येवर आपल्याला कोणता निर्णय घेतलेला आवडेल, याची कल्पना करावी. आप्तांना दानधर्म करतानाही हीच कसोटी लावण्यास सांगितले आहे, हे लक्षणीय आहे. विसाव्या शतकातील येशूसंघीय ईश्वरविद्यावेत्ता कार्ल रानर याने दुसऱ्या काळातील अनुभवाला, विशेषतः पूर्वकारणाविना लाभणाऱ्या समाधानाला, केंद्रस्थान दिले. येशूसंघीय अभ्यासक ज्यूल्स टोनर याने तिन्ही काळ स्वतंत्रपणे पुरेसे असल्याचे प्रतिपादन केले. मूळ पाठाला टोनरची भूमिका अधिक जवळची वाटते.

आत्म्यांची पारख करण्यासाठी इग्नेशियसने दिलेल्या नियमांपैकी सर्वांत परिचित नियम असा, की उदासीच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. प्रगती करणाऱ्या साधकाला सदात्म्याचा (चांगल्या प्रेरणेचा) स्पर्श स्पंजात शिरणाऱ्या थेंबासारखा मृदू असतो, दुरात्म्याचा (वाईट प्रेरणेचा) दगडावर आदळणाऱ्या थेंबासारखा. अधोगतीला लागलेल्याच्या बाबतीत हे उलटे होते.

१५३९ मध्ये रोम येथे इग्नेशियस व त्याच्या सोबत्यांनी आपल्यापैकी एकाच्या आज्ञेत राहावे की नाही, याचा सामूहिक निर्णय प्रतिकूल व अनुकूल कारणे वेगवेगळी मांडून घेतला. त्यातूनच येशूसंघ आकाराला आला. त्याच मंडळातील फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला.

प्रॉटेस्टंट परंपरेत नियमावलीपेक्षा शास्त्रवाचन, प्रार्थना आणि सदसद्‌विवेकबुद्धी यांवर भर राहिला. मराठी भाषकांत पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही धर्माधिकाऱ्यांच्या मतापुढे आपली सदसद्‌विवेकबुद्धी गहाण ठेवण्यास पत्रांतून नकार दिला, तर कवी ना. वा. टिळकांचा १८९५ मधील बाप्तिस्मा घेण्याचा निर्णय नव्या कराराच्या, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाच्या, वाचनातून पक्व झाला होता. विसाव्या शतकात मुंबईत जन्मलेले येशूसंघीय अँथनी डिमेलो (१९३१-८७) यांनी इग्नेशियसच्या साधनांना भारतीय ध्यानपद्धतींची जोड दिली. येशूसंघीय असलेले पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात या विषयावर प्रवचनमाला दिली.