फॅमिली पेन्शन, एफडीचं व्याज आणि रिटर्न: सरकारी पोर्टलवर फुकट कसं भरायचं

इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात जुलै लागला की एकच प्रश्न कानावर येतो: “यंदा रिटर्न कोणाकडून भरलंत?” आपलं आपण भरता येतं, हे कोणाच्या मनातही येत नाही. आयकर विभागाच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसाही लागत नाही. तरी लोक ओळखीच्या माणसाला पॅन, आधार आणि पासवर्ड देऊन मोकळे होतात, कारण सरकारी साइटवर चुकीचं बटण दाबलं तर नोटीस येईल अशी धास्ती असते. माझ्या मते खरी धास्ती त्या दिलेल्या पासवर्डची वाटायला हवी.

शेजारच्या काकूंचं उदाहरण घेते. काका गेल्यापासून त्यांना फॅमिली पेन्शन मिळते. “बँकेने टॅक्स कापला नाही, म्हणजे मला रिटर्न नको ना गं?” असं त्यांनी विचारलं. फॅमिली पेन्शनवर बँक टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापत नाही, फॉर्म १६ (त्या कपातीचा दाखला) पण देत नाही. पण ते उत्पन्नच आहे, आणि ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या रकान्यात दाखवावं लागतं. पगारदारांना किंवा स्वतःच्या पेन्शनवर नव्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते, ती इथे मिळत नाही. इथे पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम वजा होते.

समजा वर्षाची फॅमिली पेन्शन ३,६०,००० आणि एफडीचं व्याज ९५,०००. पेन्शनमधून २५,००० गेले, राहिले ३,३५,०००. त्यात व्याज मिळवलं की ४,३०,०००. ज्येष्ठ नागरिकांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेल्याशिवाय टीडीएस कापला जात नाही, म्हणून इथेही काही कापलेलं नसणार. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक आहे. कर मात्र शून्य, कारण १२ लाखांपर्यंत सूट मिळते. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे ऐकून ‘रिटर्नही नाही’ असा अर्थ पुष्कळांनी काढलाय, तो चुकीचा आहे. शिवाय ४ लाखांच्या आत असूनही टीडीएस कापला गेला असेल, तर तो परत मिळवायला रिटर्न भरावंच लागतं.

अशा साध्या उत्पन्नाला आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’ फॉर्म. तो भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी, एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल तर. पगार, पेन्शन, घरभाडं, व्याज, ५,००० रुपयांपर्यंतचं शेतीचं उत्पन्न हे सगळं त्यात बसतं. शेअर किंवा इक्विटी फंडातला दीर्घ मुदतीचा नफा १,२५,००० पर्यंत असेल तरी चालतं. कंपनीत संचालक असाल, परदेशात मालमत्ता असेल किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर हा फॉर्म तुमचा नाही. पंचाहत्तरी पार केलेल्यांची फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल, तर बँकेला घोषणापत्र देऊन रिटर्नमधून सुटका होऊ शकते. बँकेत जाऊन विचारा.

कागद फारसे लागत नाहीत. आधारशी जोडलेलं पॅन, आधारला जोडलेला मोबाइल जवळ, पासबुक, बँकेचा व्याजाचा दाखला, असेल तर फॉर्म १६. रिटर्नसोबत काहीच जोडायचं नसतं. कागद घरात फाइलला लावून ठेवायचे.

बसण्याआधी पोर्टलवर एआयएस (विभागाकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची यादी) आणि २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या, भरलेल्या कराचा तक्ता) उघडून बघा. काकूंच्या एआयएसमध्ये दोन बँकांचं व्याज होतं, आणि त्यांना आठवत होती एकच. दुसरीतली एफडी काकांनी दोघांच्या नावाने केली होती. पासबुक काढून आकडे ताडले, जुळले. त्या म्हणाल्या, “म्हणजे आयकरवाल्यांना सगळं ठाऊकच आहे की!” एखादी नोंद तुमची नसेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

पॅन हाच युजर आयडी. ई-फाइल मेनूतून रिटर्न निवडा, कर निर्धारण वर्ष २०२६-२७ घ्या (२०२५-२६ च्या उत्पन्नासाठी पुढचं वर्ष निवडायचं असतं, इथेच पुष्कळ जण चुकतात), मग आयटीआर-१. माहिती बरीचशी आधीच भरलेली येते. ती डोळे मिटून मान्य करू नका. परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर पडताळून ठेवा. रिटर्न पाठवलं म्हणजे काम संपलं असं नाही. ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करावी लागते. मुदत ३१ जुलै. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० रुपये विलंब शुल्क.

‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात मध्य प्रदेशही होता. रिटर्न तुमच्या नावावर असतं, त्यामुळे उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं. नोटीस आली आणि खरी की खोटी कळेना, तर पोर्टलच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करता ती तपासता येते. साइटचा पत्ताही नीट वाचा: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

काकूंच्या खात्यात आधीच्या माणसाने स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवला होता; विभागाचे मेसेज तीन वर्षं त्याच्याकडे जात होते. तुमचंही तसं असेल तर ‘पासवर्ड विसरलात’ मधून आधार ओटीपीने नवा पासवर्ड करा आणि प्रोफाइलमध्ये आपला नंबर घाला. काकूंनी नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला, आणि ओटीपी त्यांच्याच फोनवर वाजला.