हातातला फिस्टुला आला कुठनं?

किडनी काम करेनाशी झाली की रक्त बाहेर काढून मशीनमधून साफ करून परत अंगात घालतात, ते डायलिसिस. मशीनचं बाकी सोडतो. मला बोलायचंय ते रक्त काढायच्या आणि परत घालायच्या जागेबद्दल, कारण पेशंटचं पुढचं सगळं त्या जागेवर असतं.

१९४३ ला नेदरलँड्समध्ये मशीन चाललं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडायची, आणि वाहिन्या संपल्या की उपचारपण संपला. १९६० ला अमेरिकेत सिएटलला टेफ्लॉनच्या नळ्या हाताबाहेर कायमच्या ठेवायला लागले, त्याला शंट म्हणायचे. त्यात गुठळ्या व्हायच्या, इन्फेक्शन व्हायचं, तरी किडनी कायमची गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगायला लागला तो तिथनं. मग १९६६ ला न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर कातडीच्या आतच जोडल्याचं छापलं, हाच तो फिस्टुला. धमनीच्या जोरानं शीर फुगते, भिंत जाड होते, आणि तीच शीर पुन्हा पुन्हा टोचता येते. साठ वर्षं होत आली, अजून याच्याहून चांगलं काही निघालेलं नाही.

आता शब्दाचा घोळ, आणि हा घोळ छोटा नाही. आपल्याकडं फिस्टुला म्हटलं की माणसं भगंदरच समजतात. आत्याला डॉक्टर म्हणाले फिस्टुला करून घ्या, तर आत्या आठ दिवस कुणाशी बोलेना, लाजेनं. मूळ शब्दाचा अर्थ नळीसारखी वाट. भगंदरात ती वाट रोगानं होते, इथं सर्जन मुद्दाम करतो, तेवढाच फरक, पण तो कुणी बसून सांगत नाही. त्यात डायलिसिससाठी मानेच्या शिरेत तात्पुरती घालतात त्या नळीलापण फिस्टुलाच म्हणणारे आहेत, ते तर अजिबात चूक, ती कॅथेटर. आणि शीर बारीक असली की धमनी आणि शिरेच्या मध्ये कृत्रिम नळी घालतात तो ग्राफ्ट, सत्तरच्या दशकात आला, दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो पण बंद पडायचं आणि इन्फेक्शनचं प्रमाण जास्त.

२००३ ला अमेरिकेत मोहीम निघाली, आधी फिस्टुलाच करा. हेतू चांगला, पण म्हातारी माणसं, शुगरनं शिरा गेलेली माणसं, यांचे फिस्टुले तयारच होईनात आणि तोवर कॅथेटर मानेतच. शेवटी २०१९ च्या तिथल्या मार्गदर्शक सूचनांत बदललं, ज्याला जे योग्य ते, आयुष्यभराचा प्लॅन बघून. पटतं मला. पण सोलापुरात प्रश्न उलटा आहे हो. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून माणूस येतो तो धाप लागल्यावरच, मग मानेत कॅथेटर घालूनच सुरुवात, आणि फिस्टुलाचं नाव निघतं दोन महिन्यांनी. कॉलरबोनखालच्या शिरेत कॅथेटर घातलं असेल तर ती शीर आतनं आकसू शकते, मग त्या बाजूचा अख्खा हात फिस्टुलाला निकामी. किडनी जाणार हे कळल्यापासूनच एका हाताच्या शिरा राखायला पाहिजेत, सलाईन-रक्त दुसऱ्या हाताच्या पंजावरनं.

आत्या विड्या वळते, कात्री उजव्या हातात, म्हणून फिस्टुला डाव्या मनगटाला केला. टाके काढले त्या दिवशी हात माझ्या कानाला लावला तिनं, आत घुर्र घुर्र वाजत होतं, म्हणाली, 'यंत्रमाग चालू झालाय बघ.' शीर टोचायला तयार व्हायला अडीच महिने गेले, तोवर मानेतली नळी भिजू नये म्हणून अंगावर पाणी घ्यायचं ते खांद्याखालूनच, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. फिस्टुलावर चार-पाच डायलिसिस नीट झाले तेव्हा नळी काढली, जखम भरली, आणि त्या गुरुवारी आत्यानं दोन बादल्या डोक्यावरनं ओतून घेतल्या.