वासोट्याला जायचंय? परवानगी कुठे मिळते, कागद काय लागतात, बोटीचं काय

पावसाळा सरत आला की दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात, सातारा जिल्ह्यातला वासोटा किल्ला उघडला का, आधार चालतं का, वर टेंट लावून राहता येतं का, एकट्या माणसाला सोडतात का, कास पठाराचं तिकीट काढलंय तर वेगळं काही लागतं का. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय, कारण अर्धी माहिती घेऊन माणसं साताऱ्यापर्यंत येतात आणि बामणोलीच्या, म्हणजे जिथून वासोट्याची बोट सुटते त्या गावाच्या, काठावरून परत जातात, आणि खरं सांगायचं तर परवानगीचं काम अजिबात अवघड नाहीये, फक्त वेळेत आणि कागद घेऊन पोचायला लागतं.

आधी परवानगी का लागते ते. वासोटा किल्ला आहे म्हणून आपण त्याला राजगड-तोरण्यासारखा धरतो, पण हा किल्ला कोयना अभयारण्याच्या आत आहे. अभयारण्य १९८५ चं, आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या कोअर भागात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या आतल्या भागात, वासोटा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ सांगतं की अभयारण्यात कोण परवान्याशिवाय जाऊ शकतं, म्हणजे ड्युटीवरचे सरकारी लोक, आत राहायची मुभा असलेले, आत ज्यांची जमीन आहे ते वगैरे. बाकी सगळ्यांना कलम २८ प्रमाणे परवाना लागतो, आणि पर्यटन हे त्या कलमात परवाना देण्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक आहे, त्यामुळे आपण काही मेहेरबानी मागत नसतो, रीतसर अर्ज केला की मिळतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातला सर्वसाधारण दंड २५ हजारांवरून एक लाखापर्यंत गेलाय आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहेच, तेव्हा ‘पकडलं तर शंभर-दोनशे देऊ’ वाला विचार डोक्यातून काढून टाका. त्यात २०२५ च्या अखेरीला ताडोबाकडून वाघीण आणून या प्रकल्पात सोडायचं काम सुरू झालंय, म्हणजे नियम यापुढे सैल होणार नाहीत, झाले तर कडकच होतील, आणि व्हावेतच असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी उघडं असतं

साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद. नक्की तारीख वनविभाग दरवर्षी ठरवतो आणि पाऊस लांबला, वाट खराब असली तर उघडायला उशीर होतो, म्हणून दसरा-दिवाळीचा प्लॅन करताना तारीख कन्फर्म झाल्याशिवाय बसचं बुकिंग करू नका. थर्टी फर्स्टच्या आसपासही एन्ट्री बंद ठेवल्याचं झालेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये वणव्याचा धोका असतो तेव्हाही अचानक बदल होऊ शकतो. निघायच्या दोन दिवस आधी बामणोलीच्या बोटवाल्याला किंवा वनविभागाला एक फोन करा, एवढ्याने सगळं कळतं. जुन्या व्हिडिओत बघितलेले दर आणि वेळा धरून चालू नका, दर बदलत राहतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कास पठारावर फुलांचा सीझन असतो आणि बामणोलीचा रस्ता तिथूनच जातो. कासची एन्ट्री वेगळी, वासोट्याची परवानगी वेगळी, एकाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही. आणि शनिवार-रविवारी कासला गाड्यांची जी रांग लागते त्यात अडकलात तर बोट गेलीच समजा, त्यामुळे साताऱ्यातून उजाडायच्या आत निघा नाहीतर आदल्या दिवशीच बामणोली, शेंबडी, तापोळा यातल्या कुठल्यातरी गावात मुक्कामाला या. मला हा मुक्कामाचाच पर्याय बरा वाटतो, घरगुती जेवण मिळतं आणि सकाळी घाई होत नाही.

कोण जाऊ शकतं

एका दिवसात जाऊन येणारा कोणीही. कुठल्या क्लबचं मेंबर असायला लागत नाही, कोर्स केलेला असायला लागत नाही, ओळखपत्र पाहिजे आणि चढायची ताकद पाहिजे. लहान मुलं पालकांसोबत जातात, पण चढ दाट जंगलातला आणि सलग आहे, पोराला उचलून घ्यायची वेळ येईल असं वाटत असेल तर वर्षभर थांबा. एकट्याने जायचं असेल तर अडचण परवानगीपेक्षा बोटीची असते, कारण भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दहा-बारा जणांत ते वाटलं गेलं की काहीच वाटत नाही, एकट्याला मात्र चांगलंच लागतं. विकेंडला काठावर दोन-तीन छोटे ग्रुप एकत्र होऊन एक बोट करतात, बोटवाल्यांना सांगून ठेवलं तर ते जुळवूनही देतात. फक्त मग सगळ्यांनी एकत्र परतायला लागतं, तुमच्या बोटीतला एक माणूस वर रेंगाळला तर बाकीचे खाली ताटकळतात.

ज्यांना या परवान्यावर जाता येत नाही ते पण सांगतो. गडावर मुक्काम करायचाय, ड्रोन उडवायचाय, शूटिंग करायचंय, झाडा-प्राण्यांचा अभ्यास करायचाय, या सगळ्यांना पर्यटकाची पावती चालत नाही. शूटिंग आणि अभ्यासासाठी व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयातून वरपर्यंत अर्ज जातो आणि त्याला वेळ लागतो, आयत्या वेळी काठावर येऊन विनंती करून काही होत नाही. मुक्काम तर विषयच सोडा. पूर्वी लोक वर राहायचे, जवळच्या नागेश्वर या देवस्थानाच्या गुहेत राहायचे, त्या आठवणी सांगणारे सीनिअर ट्रेकर भरपूर भेटतील, पण आता कोअरमध्ये रात्र काढायला परवानगी नाही.

कागदपत्रं

प्रत्येकाचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, म्हणजे आधार, मतदार कार्ड, लायसन्स यातलं एक, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. परदेशी पासपोर्टवाल्यांनी पासपोर्ट आणि त्याची कॉपी. डिजिलॉकरवर आहे म्हणून निवांत राहू नका, त्या पट्ट्यात रेंजचा भरवसा नाही आणि झेरॉक्सचं दुकान शोधत गावात फिरण्यात अर्धा तास जातो.

त्याच्यासोबत ग्रुपची यादी लागते, आणि ही यादी म्हणजे या सगळ्या प्रक्रियेचा जीव आहे. नाव, वय, गाव, मोबाईल नंबर, आणि मी तर म्हणेन घरच्या एका माणसाचा नंबर पण. घरीच टाइप करून तीन कॉप्या काढा, एक वनविभागाला, एक बोटवाल्याला, एक तुमच्याकडे. वनविभागाच्या ऑफिसात अर्जाला ही यादी जोडायची, लीडरने सही करायची, फी भरायची आणि पावती घ्यायची. पावतीवर माणसांचा आकडा बघून घ्या. यादीत आठ नावं आणि बोटीत नऊ माणसं असं चालत नाही, आणि आयत्या वेळी कोणी गळालं तर ते नाव खोडून घ्या. लोकांना ही कटकट वाटते पण विचार करा, संध्याकाळी किती माणसं खाली उतरली आणि किती वर राहिली हे कळायला त्या जंगलात दुसरं काहीही साधन नाही, वर फोन लागत नाही, रस्ता नाही, घर नाही. ती यादीच आहे फक्त. त्यामुळे खोटं नाव, चुकीचा नंबर, एकाच्या आधारवर दुसरा माणूस असले प्रकार कृपया करू नका.

फी मध्ये साधारण माणशी प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं वेगळं, गाईड सांगितला तर त्याचं वेगळं असे भाग असतात, आणि बोटीचं भाडं बोट क्लबकडे निराळं भरायचं. रोख पैसे ठेवा, सुट्टे ठेवा.

त्या दिवशी काय होतं

बामणोलीत सकाळी लवकर पोचायचं, परवानगी काढायची, बोट ठरवायची, लाइफ जॅकेट घालायचं आणि ते पाण्यात असेपर्यंत काढायचं नाही. शिवसागर जलाशयातून तास-सव्वा तास बोट जाते. हे पाणी कोयना धरणाचं, त्याखाली कितीतरी गावं गेली आणि आज बोट चालवणाऱ्यांतल्या बऱ्याच घरांची मूळ जमीन त्याच पाण्याखाली आहे, तेव्हा भाड्यावरून घासाघीस करताना जरा हात आखडता घ्या.

बोट मेट इंदवलीला लागते. तिथे वनविभागाची चौकी आहे, पावती दाखवायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि मग सॅक उघडायची. ही तपासणी मनापासून होते. पाण्याच्या बाटल्या किती, बिस्किटाचे पुडे किती, वेफर्सची पाकिटं किती, चॉकलेटचे कागद सुद्धा मोजतात आणि लिहून घेतात, त्यावर डिपॉझिट घेतात, आणि परत आल्यावर तेवढंच सगळं मोजून दाखवलं की डिपॉझिट परत. एक बाटली कमी भरली तर पैसे गेले. सोपा उपाय म्हणजे प्लास्टिक न्यायचंच नाही, स्टीलची बाटली, डब्यात पोळी-भाजी किंवा ठेपले, चिक्की पुड्यातून काढून डब्यात. अशा सॅकला दोन मिनिटं लागतात, आणि पाकिटांनी भरलेल्या सॅकवाल्या ग्रुपला अर्धा तास. सिगरेट, लायटर, दारू, स्टोव्ह हे आणूच नका, अभयारण्यात आग लावण्यावर कायद्याने बंदी आहे. तसंच काही लोक ‘जंगल आहे’ म्हणून कोयता घेऊन येतात, हत्यार घेऊन आत जायलाही परवानगी लागते, ते घरीच ठेवा. स्पीकर पण.

चौकीपासून पुढे ओढ्याजवळ पडक्या देवळात मारुती-गणपती आहेत, तिथून चढ सुरू. साधारण दोन तास धरा. झाडी इतकी दाट की बराच वेळ आभाळ दिसत नाही. गवे, सांबर, अस्वल इथले रहिवासी आहेत, वाटेवर विष्ठा दिसते, पण ग्रुप एकत्र आणि आवाज बेताचा असेल तर त्रास होत नाही. वाटेत नागेश्वरकडे जाणारा फाटा लागतो, तुमच्या पावतीत आणि वेळेत नागेश्वर बसत नसेल तर तिकडे वळू नका. वर गेल्यावर महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, बाबूकड्याचं ते अर्धवर्तुळाकार कातळी रूप आणि समोर जुना वासोटा, म्हणजे शेजारचा डोंगर. जुन्या वासोट्यावर जायला बंदी आहे, समोरून बघून समाधान मानायचं.

वेळेचं गणित उलटं मांडा. संध्याकाळी पाचच्या आसपास बोटीत असायला पाहिजे, उतरायला दीड तास, चौकीवर प्लास्टिक मोजायला वेळ, म्हणजे तीनच्या आत गड सोडायचा. यावरून सकाळी बोट कधी हलली पाहिजे ते तुमचं तुम्हालाच कळेल. दुपारी पोचणाऱ्यांना वर सोडत नाहीत आणि त्यावरून चौकीवरच्या गार्डशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो, त्याने आकडे जुळवूनच संध्याकाळी रजिस्टर बंद करायचं असतं.

कोकणातून चढायचं असेल तर

खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून नागेश्वरला आणि तिथून वासोट्याला येणारी जुनी वाट आहे आणि ती सुंदर आहे यात वाद नाही. पण वाट वर आली की तुम्ही कोअरमध्येच येता, आणि खाली चौकी दिसली नाही म्हणजे परवानगी लागत नाही असा अर्थ होत नाही. ‘चोरवण्यातून या, कोणी विचारत नाही’ असं सांगणारे भेटतील, त्यांना सरळ नाही म्हणा. या बाजूने घुसलेला माणूस कुठल्याच यादीत नसतो, तो कड्याजवळ पाय मुरगळून बसला तर त्याला शोधायला कोणी निघणारच नाही. हेच प्रचितगड या किल्ल्याला लागू, शृंगारपूरच्या बाजूने वर गेलात की चांदोलीची हद्द सुरू होते, त्याची परवानगी आधी वन्यजीव विभागाकडून घ्यायची.

पैसे भरून ग्रुपसोबत जाताय?

मग आयोजकाला दोन गोष्टी विचारा. एक, महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, कारण पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना ती लागते. सर्टिफिकेटचा फोटो मागा, देणारा लगेच देतो. दुसरं, वनविभागाच्या यादीत माझं नाव जाणार आहे का आणि पावती बघायला मिळेल का. ‘परमिशन चार्जेस’ म्हणून भरमसाट रक्कम लावतात आणि प्रत्यक्षात पावती पाहिली तर आकडा वेगळाच, हे मी पाहिलंय, त्यामुळे विचारायला लाजू नका. लीडर किती माणसांमागे एक, फर्स्ट एड कोणाला येतं, हे पण विचारा.

भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही पण अभयारण्यंच आहेत, फक्त तिथे बहुतेक वाटांवर नाक्यावर पावती फाडली की काम होतं, इतकी कागदपत्रं लागत नाहीत. पावसाळ्यात मात्र जिल्हाधिकारी धबधबे-किल्ल्यांवर जमावबंदीचे आदेश काढतात, पूर्वी कलम १४४ म्हणायचो ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, आणि तो आदेश असताना हातात वनविभागाची पावती असली तरी उपयोग नाही. निघण्याआधी त्या जिल्ह्याच्या बातम्या बघून घ्या.

काही झालंच तर ११२, आणि वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन १९२६. वर रेंज नसते म्हणून जखमी माणसाजवळ दोघं थांबवून दोघांना चौकीवर पाठवायचं, हे चढायच्या आधीच ठरवून ठेवा, म्हणजे पाचपेक्षा कमी माणसांनी गाईड घेऊनच जावं असं मला वाटतं.

आणि एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर जलाशयाचं पाणी खाली गेलेलं असतं, बोट नेहमीच्या जागेच्या बरीच अलीकडे थांबते आणि चिखल-दगडातून जादा चालायला लागतं, जाता-येता दोन्ही वेळा, ते तास-अर्धा तास वरच्या गणितात धरा आणि पाणी माणशी तीन लिटर.