नकाशाच्या कोपऱ्यातलं स्केल नक्की कुठलं असतं?

जगाचा सपाट नकाशा दाखवणारा एखादा वेब मॅप उघडा आणि झूमला हात न लावता नकाशा विषुववृत्तापासून उत्तरेकडे सरकवत न्या, नजर फक्त कोपऱ्यातल्या स्केलच्या पट्टीवर ठेवा. विषुववृत्तावर स्क्रीनच्या जेवढ्या लांबीला १००० किमी भरत होते तेवढ्याच लांबीला ६० अंशावर, म्हणजे ओस्लो, हेलसिंकीच्या आसपास, ५०० च भरतात!

बिघाड काही नाहीये. विषुववृत्ताचा घेर साधारण ४०,००० किमी, ६० अंशाच्या अक्षवृत्ताचा त्याच्या निम्मा, पण नकाशात दोन्ही रेषा सारख्याच लांबीच्या काढल्यात, मग वरची दुप्पट ताणली जाणारच. या वेब मॅपची पद्धत मुळात ज्याची, त्या फ्लेमिश नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये काय केलं, तर आडवं जेवढं ताणलं गेलं तेवढंच उभंही ताणलं, त्यामुळे कोन बिघडत नाहीत आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ रेषेत येतो. खलाशांचं काम झालं, पण क्षेत्रफळाचे पार बारा वाजले. ६० अंशावर चौपट, ८० अंशावर तर सुमारे ३३ पट! ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते यामुळेच, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. ध्रुवावर ताण अनंत होतो, म्हणून वेब मॅप ८५ अंशांच्या जरा पुढे कापूनच टाकतात.

बरं, उभं ताणलंच नाही तर? अक्षांश-रेखांशांच्या साध्या चौकटीच्या नकाशात तसंच असतं, आणि मग एकाच ठिकाणी दोन स्केल होतात, उत्तर-दक्षिण बरोबर आणि पूर्व-पश्चिम फुगलेलं. ६० अंशावरचा गोल तलाव तिथे आडवा लंबगोल दिसेल. सगळीकडे एकच स्केल असलेला सपाट नकाशा होऊच शकत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउसच्या १८२७ च्या प्रमेयातून सिद्धच होतं.

मला सगळ्यात आवडते ती यूटीएमची, म्हणजे मोजणीसाठी जगावर मीटरचं ग्रिड टाकणाऱ्या नकाशा-पद्धतीची युक्ती. रेखांशाच्या ६-६ अंशांचे ६० पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखावृत्तावर स्केल (ग्रिडवरचं अंतर भागिले जमिनीवरचं) मुद्दाम ०.९९९६, म्हणजे १ पेक्षा कमीच ठेवलंय. दोन्ही बाजूंना साधारण १८० किमीवर ते बरोबर १ होतं, त्यापुढे वाढतं, थोडक्यात चूक एका कडेला साचू न देता दोन्हीकडे वाटून टाकली. पण मधल्या रेषेवर जमिनीवरचे १० किमी ग्रिडवर ४ मीटर कमी भरतात, आणि बोगदा दोन्ही टोकांकडून खणत आणायचा असेल तर हे ४ मीटर आधीच हिशोबात धरावे लागतात.