मालुकूची ‘सासी’ : एका बंदीची पार्श्वभूमी

इंडोनेशियाच्या पूर्वेकडील मालुकू बेटांवर मासे, शंखशिंपले, नारळ, जायफळ यांची काढणी ठरावीक काळ बंद ठेवण्याची रूढी आहे. तिला ‘सासी’ म्हणतात. निसर्गसंवर्धनाच्या चर्चेत सासीचे वर्णन बहुधा शतकानुशतके जशीच्या तशी चालत आलेली परंपरा असे केले जाते. तिचा उपलब्ध इतिहास मात्र सतत बदलत आलेल्या व्यवस्थेचा आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती टिकली तीही या बदलत राहण्यामुळेच.

येथील गावाची हद्द किनाऱ्याशी संपत नाही. ‘पेतुआनान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हद्दीत डोंगर, बागा, नदी आणि गावासमोरचा समुद्रही येतो. बंदी कधी घालायची आणि कधी उठवायची, हे गावप्रमुख (त्याला ‘राजा’च म्हणतात) आणि कुळांचे वडीलधारे ठरवतात, तिच्या पालनावर ‘केवांग’ हे गावचे राखणदार लक्ष ठेवतात. बंद क्षेत्रात खांब रोवून त्याला माडाची कोवळी पाने बांधली की ती खूण सर्वांना पुरेशी असते.

अंबोन बेटाजवळच्या हारुकू बेटावरील हारुकू गावाची ‘लोंपा’ माशाची सासी हे या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. लोंपा हा आपल्या मांदेलीच्या कुळातला लहान मासा. त्याचे थवे दिवसा गावच्या नदीत राहतात, रात्री चरायला समुद्रात जातात आणि पहाटेपूर्वी परततात. पिल्ले किनाऱ्याशी दिसू लागली की बंदी जाहीर होते आणि मासा पुरेसा वाढेपर्यंत, म्हणजे काही महिने, ती चालते. त्या काळात नदीत जाळे टाकता येत नाही, इंजिन चालू ठेवून होडी आत आणता येत नाही, भांडी घासता येत नाहीत आणि कचराही टाकता येत नाही. नियम मोडणाऱ्या मुलाला वेताचे पाच फटके देण्याची प्रथा होती. गावातील पाच कुळसमूहांच्या वतीने प्रत्येकी एक. बंदी उठवण्याच्या दिवशी पहाटे ढोल वाजतो आणि सारा गाव जाळी घेऊन नदीवर उतरतो. मासा नेमका कोठे आणि केव्हा असतो, याचे इतके बारीक ज्ञान नियमांत उतरलेले पाहिले की दूरच्या कार्यालयात असे नियम तयार होणे का अवघड आहे, हे कळते.

या बेटांचा इतिहास लवंगेने घडवला. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1605 मध्ये अंबोनचा पोर्तुगीज किल्ला घेतला आणि 1650 च्या दशकापासून इतर बेटांवरील लवंगेची झाडे तोडून लागवड अंबोन, हारुकू, सापारुआ आणि नुसालाउत एवढ्यापुरती मर्यादित केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मक्तेदारी संपली. त्याच सुमारास अनेक गावांत केवांगांचे नियम लेखी स्वरूपात आले, आणि चोरी व भांडणे टाळणे, फळ पिकण्यापूर्वी तोडले जाऊ न देणे, यांबरोबरच विक्रीच्या पिकाची प्रत राखणे हाही सासीचा हेतू बनला. चर्च आणि मशिदींनीही तिला आधार दिला. काही गावांत बंदी आजही रविवारच्या प्रार्थनेत जाहीर होते. पुढे बटणांसाठी मोठी मागणी असलेल्या ‘लोला’ शंखांच्या काढणीचा हक्क काही गावांनी व्यापाऱ्यांना लिलावाने दिला. त्यातून गावाच्या तिजोरीत पैसा आला, पण सामान्य कुटुंबांचा वाटा घटला, आणि जिथे वाटा घटला तिथे नियम पाळण्याची इच्छाही ओसरली.

1979 च्या ग्रामप्रशासन कायद्याने देशभरातील गावांना एकच साचा लावला, त्यामुळे राजा आणि वडीलधाऱ्यांच्या मंडळाचा अधिकार खिळखिळा झाला. विरोधाभास असा की 1985 मध्ये त्याच सरकारने हारुकूच्या केवांगांना ‘कल्पतरू’ हा पर्यावरण पुरस्कार दिला. गौरव झाला, अधिकार मात्र परत मिळाला नाही. 1999 च्या विकेंद्रीकरण कायद्याने गावांना काहीशी मोकळीक दिली, पण त्याच वर्षी अंबोन परिसरात ख्रिस्ती-मुस्लिम हिंसाचार पेटला. ज्या शेजारगावांच्या परस्पर मान्यतेवर समुद्रातील हद्दी उभ्या होत्या, तीच एकमेकांपासून तुटली.

समुद्र आणि जंगलावरील हक्कांची त्यानंतरची लढाई मुख्यतः न्यायालयात झाली. किनारी पाण्याचे हक्क कंपन्यांना देऊ पाहणारी 2007 च्या कायद्यातील तरतूद घटना न्यायालयाने 2011 मध्ये रद्द केली, आणि रूढीने चालणारी जंगले सरकारी जंगले नाहीत असा निर्णय 2013 मध्ये दिला. 2007 च्या कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीने किनारी भागातील पारंपरिक समाजांना कायद्यात स्थान मिळाले. तरी प्रत्येक समाजाला स्थानिक सरकारकडून वेगळी मान्यता मिळवावी लागते आणि ती प्रक्रिया संथ आहे. दरम्यान, पापुआकडील राजा अंपात द्वीपसमूहात मिसूल बेटाच्या कापाचोल गावी स्त्रियांच्या एका गटाने आपल्या क्षेत्राची सासी स्वतःकडे घेतली असून, समुद्रकाकडी, शेवंड आणि लोला यांची काढणी कधी खुली करायची हे आता त्या ठरवतात.